दोन दिव्यांचं लोडशेडिंग

यतीन डबीरच्या घरात ज्या खोलीत माणूस असेल तेवढ्याच खोलीचा दिवा जळतो. त्याने प्रत्येक दारावर कसली तरी यंत्रं बसवली आहेत. हालचाल थांबली की दिवा विझतो. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्याकडे गेले होते. बाथरूममध्ये पदराची पिन सापडेना म्हणून जरा स्वस्थ उभी राहिले, तर काळोख झाला. आत कोणी आहे हे भिंतीला पटवायला मला दोन्ही हात हलवावे लागले. बाहेर आल्यावर मी त्याच्या बायकोला, आश्लेषाला, विचारलं, "तू कशी राहतेस गं इथे?"

"सारखी हलत असते, शोभनाताई," ती म्हणाली.

आम्ही मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत एकाच ओळीतल्या टाउनहाउसमध्ये राहतो, मध्ये एक भिंत. मी एका ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासते. ती सवय घरी येताना तिथेच ठेवता येत नाही, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांची जमा आणि नावे ही दोन्ही अंगं माझ्याकडे कायम लिहून तयार असतात. यतीनच्या जमेच्या बाजूला एक गोष्ट ठळक होती. आमच्याकडचे बहुतेक मराठी पुरुष सकाळी उठून कुठल्या तरी मोठ्या बँकेच्या कॉम्प्युटरांची काळजी वाहायला जातात आणि दिवसभरात नेमकं काय केलं हे संध्याकाळी बायकोला सांगू शकत नाहीत. यतीनचं काम रस्त्यावर उभं होतं. बोट दाखवता येत होतं.

बार्नी नावाच्या एका थोराड गृहस्थाची लहानशी कंपनी होती, तिथे तो इंजिनिअर होता. जिथे सिग्नल नाही आणि वीज आणायची तर रस्ता खोदावा लागेल, अशा ठिकाणी पायी माणसांना रस्ता ओलांडता यावा म्हणून ही कंपनी दिवे बनवायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकेक खांब. त्यावर सूर्यावर चालणारं पॅनेल, बुडाशी बॅटरी, आणि आपल्या बाजूने येणाऱ्या गाड्यांकडे तोंड केलेला पिवळा दिवा. तुम्ही बटण दाबलं की दोन्ही खांब रेडिओवरून आपसात बोलतात, दोन्ही दिवे उघडझाप करायला लागतात, दोन्हीकडच्या गाड्या थांबतात आणि तुम्ही पलीकडे जाता. दिव्यांची तोंडं गाड्यांकडे असल्यामुळे चालणाऱ्याला ते दिसत नाहीत. म्हणून बटणाशेजारी सुपारीएवढा आणखी एक दिवा असतो, खास आपल्यासाठी. तो लुकलुकला की समजायचं, आपलं ऐकलं गेलं.

फ्रीमाँटला, बिनबर्फाच्या गावात, माझा भाऊ राहतो. तिथे असले खांब उभे करून विसरून जाता येईल. मिनेसोटातला हिवाळा दर वर्षी नवी तक्रार घेऊन येतो. पॅनेलवर बर्फ बसतं. बर्फ ढकलणारे ट्रक रस्त्यावरचा मिठाचा चिखल उडवतात तो दिव्याच्या काचेवर थापला जातो. जुने बल्ब तापायचे, त्यामुळे काचेवरचं बर्फ आपणच वितळायचं. हे नवे एलईडी थंडच राहतात, त्यांच्यावर बसलेलं बर्फ पाहुण्यासारखं मुक्काम करतं. बटण गोठतं. आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा जीव निम्मा होतो.

यतीनने एकेक गोष्ट मार्गी लावली होती. पॅनेल जवळजवळ उभं केलं, म्हणजे बर्फ घसरून पडेल. बॅटरी जमिनीत पुरून भोवती फोम भरला. काचेवरचं छप्पर असं कापलं की वाराच ती झाडून काढेल. बटणाला जाड हातमोज्यांतूनही दाबता येईल अशी रबराची टोपी घातली. बॅटरीची परीक्षा घ्यायला बार्नीचा भलामोठा फ्रीझर वापरला. बार्नी शिकारी माणूस. फ्रीझर हरणाच्या मांसाने भरलेला. आमच्या शाकाहारी यतीनने ती बॅटरी त्या शेजारात ठेवली, रोज जाऊन तपासली, आणि रोज घरी येऊन आधी आंघोळ केली.

एका गोष्टीवर मात्र त्याच्याकडे उपाय नव्हता. ढग. डिसेंबरात इथलं आभाळ एकदा राखाडी झालं की आठवडेच्या आठवडे तसंच राहतं. भर पडत नाही आणि उपसा चालूच.

दोन हजार सहाच्या शरदात आमच्या गावाला लागून असलेल्या एका लहान गावाने (नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना अजून तोंड दाखवायचं आहे) लायब्ररीसमोरच्या रस्त्यावर यतीनची एक जोडी बसवून घेतली. एक हिवाळा चाचणी. हिवाळा नीट निघाला तर गावातल्या सगळ्या ओलांडण्याच्या जागांवर हेच दिवे. नाही निघाला तर बार्नीने स्वच्छ सांगितलं होतं, दिवे बंद करून तो पुन्हा बोटींच्या धक्क्यांचे लोखंडी भाग करायला लागेल, आणि त्या कामाला नागपूरचा इंजिनिअर लागत नाही. यतीनच्या ग्रीन कार्डाचा अर्ज बार्नीच्या कंपनीकडून केलेला. दिवे गेले की नोकरी जाणार, नोकरी गेली की अर्ज जाणार, आणि जानेवारीत आश्लेषाचं बाळंतपण. यतीनचं घर त्या दोन खांबांवर उभं होतं. ह्यात अलंकार काही नाही; हिशेब तपासणाऱ्या बाईला अलंकार परवडत नाहीत.

ढगांवरचा उपाय त्याला फोनवर सापडला.

त्याचे वडील, त्र्यंबककाका, नागपूरला वीज मंडळात डेप्युटी इंजिनिअर होते. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी लोडशेडिंगची वेळापत्रकं आखण्यात घालवली. कोणत्या भागाची वीज केव्हा घालवायची हे ते ठरवायचे. कॉलनीतल्या काही लोकांनी त्यांना नमस्कार करणं सोडलं होतं, पण काकांना त्या कामाचा अभिमान होता. अंधार सगळ्यांना सारखा वाटला, हे ते एखाद्या पदकासारखं सांगतात. यतीनने त्यांच्यापुढे बॅटरीचं रडगाणं गायलं तेव्हा ते म्हणाले, "पुरत नाही ना? मग वाटून दे. थोडा अंधार इथं, थोडा तिथं. पण टाइमटेबल पाहिजे. टाइमटेबल असलं की माणूस तक्रार करत नाही."

यतीनने तसंच केलं. बॅटऱ्या एका पातळीखाली उतरल्या की दोन खांबांनी पाळी लावायची. एकाने काम करायचं, दुसऱ्याने विश्रांती घेऊन उन्हाचा असेल तेवढा घास घ्यायचा. काही तासांनी अदलाबदल. त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दोन्ही खांब हिरवेच दिसायचे, कारण विश्रांती घेणारा खांब बिघडलेला नसतो, रजेवर असतो.

दिवाळीच्या फराळाला त्याने हे आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. खोलीत बसलेले सगळे इंजिनिअर होते. सगळ्यांनी वा म्हटलं. मीही म्हटलं, पण ते चकलीला. ज्यांच्या घरचे दिवे वर्षानुवर्षं पाळीपाळीने गेले त्यांनाच हे सुचावं, आणि त्यांनाच ते पटावं. बार्नीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "स्मार्ट." बार्नीच्या घरची वीज जन्मात कधी वेळापत्रकाने गेली नव्हती.

डिसेंबरात काका आणि प्रतिमाकाकू आले. आश्लेषाच्या आईला व्हिसा नाकारला गेला, म्हणून बाळंतपणाला सासूसासरे. सुनेला डिंकाचे लाडू करून घालायला काकू होत्या. काकांना काम नव्हतं. स्वस्थ बसलं की दिवा विझणाऱ्या घरात ते दिवसभर हलत राहिले, आणि मग त्यांना लायब्ररी सापडली. आमच्या ओळीच्या टोकाला आमचं गाव संपतं, रस्त्यापलीकडे ते दुसरं गाव, आणि समोरच लायब्ररी. तिथे ऊब होती, फुकट कॉम्प्युटर होता, त्यावर नागपूरचं वर्तमानपत्र उघडत होतं. आणि मध्ये तो रस्ता होता.

"माझ्या पोराचं बटण आहे," काका मला सांगायचे. रस्त्यावर दोन्हीकडे चिटपाखरू नसलं तरी ते बटण दाबायचे, सुपारीएवढा दिवा लुकलुकेपर्यंत थांबायचे, आणि मग रिकामा रस्ता एखाद्या मंत्र्यासारखे ओलांडायचे.

जानेवारीत सूर्य कसा असतो हे आम्ही विसरत आलो होतो. एका दुपारी बर्फ पडायला लागलं म्हणून आमचं ऑफिस लवकर सोडलं. मी घराकडे येत होते, तर लायब्ररीसमोर माझ्या बाजूचा दिवा उघडझाप करायला लागला. मी थांबले. यतीनचा जुना, टोपीवाला पार्का-कोट, त्याखाली धोतरासारखी सैल पँट, डोक्याला माकडटोपी, काका. त्यांनी गाडी ओळखली. जाड मोज्यांतले दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला आणि माझ्यासमोरून निघाले. डावीकडे मी थांबलेली होते. उजवीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

उजवीकडून एक पिकअप ट्रक येत होता. वेगात वगैरे नव्हता, नेहमीसारखा येत होता. मला वाटलं, थांबेल आता. तो थांबेना. मी हॉर्न दाबला, तेव्हा त्या माणसाला काका दिसले असावेत. त्याने ब्रेक मारला, पण बर्फावर ब्रेक म्हणजे नुसती इच्छा. ट्रक आडवा झाला, तसाच घसरत आला, आणि काकांच्या पुढून, इतक्या जवळून की त्यांच्या पार्काची टोपी मागे उडाली, कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबला.

काका रस्त्याच्या मध्यात होते. एक हात वर केलेला, चौकातल्या पोलिसासारखा. तो हात त्यांनी बराच वेळ खाली घेतला नाही.

ट्रकमधून एक दाढीवाला माणूस उतरला. "लाइट नव्हता, सर. देवाशपथ. लाइट नव्हता."

"लाइट वॉज देअर," काका म्हणाले. "आय प्रेस्ड."

"सर, माझ्याकडे नव्हता."

"आय सॉ विथ माय आइज!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी उतरले, पलीकडच्या खांबाच्या पुढे जाऊन उभी राहिले. काच स्वच्छ होती. बर्फाचा कणही नव्हता. छपराने आपलं काम चोख केलं होतं. मी काकांना बटण दाबायला सांगितलं. अलीकडच्या दिव्याची उघडझाप लगेच माझ्या गाडीच्या काचेत दिसायला लागली. माझ्यासमोरचा शांत होता.

दाढीवाल्याने तरीही आपल्या जुन्या टायरांना दोष दिला, काकांची पुन्हा दोनदा माफी मागितली, ट्रक मागे घेऊन ढिगातून काढला आणि गेला. नाव, नंबर, तक्रार, काही नाही. मी काकांना गाडीत बसवलं.

त्यांनी मागे वळून खांबांकडे पाहिलं. मग म्हणाले, "शोभना, तिकडचा काऊन नाही पेटला?"

"बिघडला असेल, काका."

"यतीनचा दिवा बिघडत नाही." थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

मी सांगितलं. त्यांनी हातमोजा काढला आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागले. मग मोजा परत घातला आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

संध्याकाळी काकूंनी मला बोलावून घेतलं, पाहिलं ते नीट सांगायला. यतीन नुकताच आला होता, बूटसुद्धा काढले नव्हते. आश्लेषा पाय वर घेऊन सोफ्यावर.

"बाबा, लागलं का कुठे?"

"लागलं नाही. बस. त्या दिव्यांना टाइमटेबल लावलंस?"

यतीन बसला. "तुम्हीच म्हणाला होता."

"मी काय म्हणालो ते मला ठाऊक आहे. मी घरांचं म्हणालो. अबे, मोठ्या दवाखान्याच्या फीडर लाइनला आम्ही कधी हात लावला का? पाण्याच्या पंपांना लावला? ते यादीत नसायचेच. आधी ते बाजूला काढायचे, मग उरलेल्यांना अंधार वाटायचा."

"आणि मॅच असली की आपली गल्ली कशी काय बाजूला निघायची?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"तो वेगळा विषय आहे."

"वेगळाच. सगळी कॉलनी आपल्या टीव्हीपुढे."

"प्रतिमा, मी मरता मरता वाचून राहिलो आज."

"म्हणूनच बोलतेय," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातून पळी निसटली तो आवाज आला.

यतीन म्हणाला, "हे बाजूला काढायचं मला नाही सांगितलंत तुम्ही."

"तू विचारलं नाहीस. ते सांगायचं असतं का? आमच्या ऑफिसातल्या शिपायालाही ठाऊक होतं."

"पण बाबा, दोन्ही बंद पडण्यापेक्षा एक तरी चालू. निदान अर्धं तरी..."

"अर्धं?" काकांनी आवाज चढवला नाही. "दोन्ही बंद असते तर मी दोन्हीकडे पाहिलं असतं. जन्मभर पाहिलं. सीताबर्डीला माझ्यासाठी कोण दिवा लावून ठेवतो? इथं तुझा दिवा लुकलुकला, आणि मी मान वळवली नाही. तुझा दिवा होता म्हणून नाही वळवली."

ह्यावर कोणी हललं नाही. त्यामुळे खोलीतला दिवा विझला.

काळोखात आश्लेषाने हात हलवला असावा. दिवा लागला तेव्हा यतीन बूट घालूनच बसला होता आणि गालिच्यावर पाण्याचं तळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. मराठी माणूस काही मागायला आला की आधी वस्तूंची चौकशी करतो.

"शोभनाताई, तुमच्या गाडीचे टायर कसे आहेत?"

"चांगले आहेत. बोल."

त्याने प्रोग्रॅम बदलला होता. पाळी काढून टाकली होती. आता पेटले तर दोन्ही पेटणार, नाहीतर दोन्ही बंद. आणि बॅटरी तिथवर उतरण्याच्या पुष्कळ आधी त्याच्या फोनवर निरोप येणार, म्हणजे कोणीतरी भरलेली बॅटरी घेऊन जायचं.

"मग झालं की," मी म्हटलं.

"झालंच. फक्त गुरुवारी गावाची मीटिंग आहे. अर्ध्या हिवाळ्याचा रिपोर्ट द्यायचा आहे. त्यात ते... सांगण्यासारखं आहे का, असा एक प्रश्न आहे."

"कोणाचा?"

"म्हणजे माझाच."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"तुम्ही तिथे होता ना."

"होते. मला कोणी विचारलं तर पाहिलं ते सांगेन. विचारल्याशिवाय मी नवऱ्यालाही काही सांगत नाही."

तो हसला, पण हसणं चेहऱ्याच्या मध्यावर थांबलं. तो गेल्यावर मी सवयीने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. ट्रकवाल्याची तक्रार नाही. कॉम्प्युटरवर दोन्ही खांब हिरवे. चूक दुरुस्त झालेली. बार्नीला ठाऊक नाही. आश्लेषाचे दिवस भरत आलेले. हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला काकांची न वळलेली मान, बस. मी असते तर काय केलं असतं हे मी मांडून पाहिलं नाही. तो हिशेब माझा नव्हता, आणि मला ते बरं वाटलं.

गुरुवारी काकांनी मीटिंगला यायचा हट्ट धरला. अमेरिकेतलं सरकारी काम कसं चालतं ते त्यांना पाहायचं होतं. सूट, टाय, वर माकडटोपी. यतीन बार्नीबरोबर पुढे गेला होता, म्हणून त्यांना मी नेलं. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो.

गावाच्या रस्त्यांचं काम पाहणारी इंजिनिअर बाई होती, कॅरल. मासेमारीचं जाकीट घालून बसली होती, बोलणं कमी. यतीनने आलेख दाखवले. बर्फ घसरतं, काच स्वच्छ राहते, बटण गोठत नाही. सगळं खरं होतं. बार्नी प्रत्येक आलेखाला मान डोलावत होता.

"म्हणजे एकही बिघाड नाही?" कॅरलने विचारलं.

"बिघाड नाही," यतीन म्हणाला आणि खाली बसला.

काकांना तिथलं इंग्रजी अर्धंच कळत होतं, पण हे कळलं. त्यांनी माकडटोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले. यतीनची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे त्याला हे दिसलं नव्हतं, हे मी नमूद करते. लोक नंतर म्हणायला लागले की बापाने डोळे वटारले म्हणून पोरगा उठला. तसं झालं नाही.

यतीन आपणहून परत उभा राहिला.

"बिघाड नाही," तो म्हणाला, "पण एका दुपारी दिवा लागला नाही. त्याला तसं मीच सांगून ठेवलं होतं."

बार्नीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, बंद करायला विसरलेल्या दिव्यासारखं. यतीनने सगळं सांगितलं. पाळीचं समजावताना त्याला लोडशेडिंग समजावावं लागलं आणि तिथे बराच वेळ गेला.

"म्हणजे," कॅरल म्हणाली, "तुमच्या शहरात रोज काही तास वीज जाते, आणि लोकांना ती केव्हा जाणार ते आधीपासून ठाऊक असतं?"

"व्हेरी पंक्चुअल," मागून काका म्हणाले.

खोलीत हशा झाला. तो ओसरल्यावर कॅरलने विचारलं, "रस्ता ओलांडणारा माणूस कोण होता? त्याच्याशी आम्हाला बोलावं लागेल."

"माझे वडील," यतीन म्हणाला. "तेच. पंक्चुअल म्हणाले ते."

मग कोणी हसलं नाही. कॅरल काकांकडे पाहत राहिली. काकांनी, कसं वागावं ते न सुचून, तिला नमस्कार केला.

निकाल असा लागला की निकाल लागला नाही. हिवाळा संपेपर्यंत चाचणी चालू; पण प्रत्येक बर्फानंतर कंपनीच्या माणसाने स्वतः जाऊन बटण दाबायचं आणि दोन्ही दिवे डोळ्यांनी पाहायचे.

"आमच्या स्क्रीनवर दोन्ही खांब चोवीस तास दिसतात," बार्नी म्हणाला.

"त्या दुपारीही दिसत होते," कॅरल म्हणाली.

बाहेर पार्किंगमध्ये बार्नी यतीनला एवढंच म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंस." ते त्याचं बरोबर होतं. यतीनने सॉरी म्हटलं. "हिवाळा संपू दे," बार्नी म्हणाला, "मग बघू तुझं आणि दिव्यांचं." आणि आपल्या गाडीची काच यतीनच्या गाडीच्या काचेपेक्षा जास्त जोरात खरवडायला लागला.

पुढच्या आठवड्यात आश्लेषाला मुलगी झाली, रुचा. त्याच आठवड्यात मोठं बर्फ पडलं, आणि सकाळी यतीन खांबापाशी गेला. गेल्या गेल्या त्याच्या लक्षात आलं की हे काम एकट्याने होत नाही. दिव्यांची तोंडं विरुद्ध दिशांना. एक पाहायला पूर्वेकडे जावं तर दुसरा दिसत नाही, पळत पश्चिमेकडे यावं तर तोवर दोन्ही थांबलेले. दोन वर्षं त्याने हे दिवे बनवले, पण दोन्ही एकाच वेळी पेटलेले कोणी पाहिलेच नव्हते. दाखवायची ती फक्त स्क्रीन. बार्नी दुसरा माणूस देईना. म्हणून काका.

त्यानंतर ऑफिसला जाताना ते दृश्य मला नेहमीचं झालं. काका रस्त्याच्या एका अंगाला, दिव्यासमोर पण बरेच लांब, हातात काकूंनी दिलेला मऊ कुंचा. यतीन दुसऱ्या अंगाला. मध्ये बटण दाबायला जो कोणी येईल तो. कोणी नसलं तर यतीन दाबून पळायचा. मग रस्त्याच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला ओरडा.

"इकडचा पेटलाऽ! तिकडचा?"

"पेटलाऽ!"

"अबे, नीट पाहून सांग!"

टेबलावर बसून न कळलेल्या गोष्टी यतीनला तिथे कळल्या. बर्फ ढकलणारा ट्रक सगळा चिखल एकाच खांबावर उडवतो. दुपारनंतर लायब्ररीच्या उंच झाडाची सावली एका पॅनेलवर येते, म्हणून त्याची बॅटरी नेहमी आधी उतरायची. त्याने ते पॅनेल वर चढवलं. बॅटरी उतरल्याचा निरोप दोनदा आला, तेव्हा बापलेक भरलेली बॅटरी बर्फावरून ओढायच्या स्लेजवर घालून घेऊन गेले. ती स्लेज रुचासाठी आणलेली होती. रुचाला अजून मान धरता येत नव्हती, त्यामुळे तिची हरकत नव्हती.

मार्चमध्ये एकदा उशिराचं बर्फ पडलं. मी लायब्ररीपाशी आले तर दिवा उघडझाप करत होता, म्हणून थांबले. बटणापाशी कॅरल होती. न कळवता आली होती. तिचा ट्रक कडेला उभा होता. ती रस्ता ओलांडत नव्हती, काकांच्या दिशेने चालत होती. काच खाली करून ऐकायला मला शरम वाटली नाही.

"काम करतोय का?" तिने काकांना विचारलं.

काकांनी समोरच्या दिव्याकडे बराच वेळ पाहिलं. "धिस साइड, वर्किंग."

"आणि पलीकडचा?"

डावीउजवीकडे न बघता हो म्हणायला तिथे काहीच अडचण नव्हती. पोरगा जानेवारीपासून तो दिवा पुसत होता.

"आय कॅनॉट सी," काका म्हणाले. "प्लीज आस्क माय सन." आणि तिला विचारायचा त्रास नको म्हणून स्वतःच ओरडले, "यतीऽऽन! तिकडचा?"

"चालू आहे, बाबा!"

कॅरलला मराठी येत नाही, पण ती काही क्षण तशीच उभी राहिली, आधी काकांकडे, मग आवाज आला त्या दिशेकडे पाहत. मग तोंडाभोवती हात धरून ती रस्त्यापलीकडे ओरडली, "बाकीच्या जागी पण दर वेळी दोन माणसं लागतील. आहेत तुमच्याकडे?"

ही बाई होकार देते आहे हे यतीनला लगेच कळलं नाही. तो हातात फडकं घेऊन उभाच राहिला.

"काय म्हणून राहिली ती?" काकांनी विचारलं.

"बाकीच्या दिव्यांनाही दोन-दोन माणसं लागतील म्हणते, बाबा! आहेत का, विचारते!"

"मग हो म्हण ना!" काका ओरडले. "मी मे महिन्यापर्यंत आहे!"

दिवा थांबला. कोणी तरी तो पुन्हा सुरू केला, बहुतेक कॅरलनेच, ट्रककडे परत जाताना. मी थांबून राहिले. माझ्यामागे आणखी दोन गाड्या थांबल्या होत्या. कोणी हॉर्न वाजवला नाही. इथे वाजवत नाहीत. काकांनी कुंचा बगलेत धरला, खांबापाशी येऊन आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे माझ्याकडे, आणि ओलांडायला लागले.